सरकारी पत्र आलंय? आधी तळ वाचा, मग माथा

मागच्या वर्षी मामाचा फोन आला, आवाज एकदम खुशीत. "अगं लागला निकाल रस्त्याचा! पत्र आलंय, निकाली काढलं म्हणून स्पष्ट लिहिलंय." शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यात शेजाऱ्याने जेसीबी लावून चर मारला होता, त्याबद्दल मामाने एका मोठ्या ऑफिसात अर्ज दिला होता आणि तो अर्ज साडेतीन महिने फिरत होता. मी म्हटलं मामा फोटो पाठव. फोटोत होतं, "आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव तालुका स्तरावरील कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला असून या कार्यालयाच्या स्तरावर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." साध्या मराठीत, आम्ही तुमचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला आणि आमच्या यादीतून खोडला. बास. तोवर मामाचे अर्धा किलो कंदी पेढे वाटून झाले होते.

मामा काही अडाणी नाही, जुना बीकॉम आहे. पण सरकारी मराठी ही मराठी दिसते म्हणून आपण ती मराठीसारखी वाचतो आणि तिथेच फसतो. आमच्या घरात असली पाकिटं आता माझ्याकडेच येतात, म्हणून मी कसं वाचते ते लिहून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं म्हणजे पत्र वरून वाचायला घेऊ नका. वर पत्ता, क्रमांक, विषय, संदर्भ १, २, ३ एवढं असतं की खाली येईपर्यंत डोकं बधिर होतं. सरळ शेवटच्या वाक्याच्या क्रियापदावर जा. सरकारी पत्रात करणारा माणूस कधी सापडत नाही, सगळं "करण्यात येते", "कळविण्यात येते", "निर्देशित करण्यात येते". कोण करणार ते नाही. म्हणून शेपटाकडे बघायचं. शेवटी "माहितीस्तव" असेल तर तुम्हाला फक्त कळवलंय, काही करायचं नाही. "अवलोकनार्थ" म्हणजे बघून घ्या. "अभिप्रायार्थ" म्हणजे कोणाचं तरी मत मागवलंय आणि ते येईपर्यंत फाईल हलणार नाही. "उचित कार्यवाहीस्तव" म्हणजे ज्याच्याकडे पाठवलं त्याने काहीतरी करावं, काय ते त्याने ठरवावं, हा सगळ्यात ढिला शब्द. आणि "अनुपालन अहवाल सादर करावा" असं असेल तर खूश व्हा, कारण तिथे खालच्या माणसाला काम करून वर लेखी कळवायचंय.

मग तळाची "प्रत" वाचा. सहीच्या खाली "प्रत: माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीस्तव" म्हणून जी यादी असते ना, लोक ती बघतच नाहीत, आणि करणारा माणूस नेमका तिथेच लपलेला असतो. वर "करण्यात यावे" लिहितात, खाली प्रतीमध्ये मंडळ अधिकारी अमुक. म्हणजे करायचंय त्याने.

आता कार्यवाही आणि कारवाई. एखाद्या अक्षराचा इकडेतिकडे फरक वाटतो पण कार्यवाही म्हणजे पुढची प्रोसेस आणि कारवाई म्हणजे बडगा. "दोषींवर कारवाई" असतं, "अर्जावर कार्यवाही" असते. तुम्ही शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करता आणि उत्तर येतं "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल", तर त्याला दंडबिंड होणार असं समजू नका, फक्त कागद पुढे सरकणार. पेपरवाले सुद्धा हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात त्यामुळे गोंधळ वाढलाय.

अर्जाचं काय झालं हे सांगणारे शब्द मात्र पाठच करा. विचाराधीन म्हणजे कोणीतरी कधीतरी बघेल. प्रलंबित म्हणजे पडून आहे हे त्यांनाही मान्य. "त्रुटी पूर्ततेसाठी परत" म्हणजे नकार नाही, एखादा कागद कमी आहे, तो लावून परत द्या, आणि शक्यतो त्रुटीचं पत्र सोबत जोडून द्या म्हणजे नवा अर्ज समजणार नाहीत. नामंजूर, अमान्य, फेटाळला हे सरळ नकार, आणि हे एका परीने बरे, कारण लेखी नकार आला की अपील करता येतं. खरी भानगड आहे ती निकाली, दप्तरी दाखल आणि नस्तीबद्ध यात. हे तीनही शब्द फाईल बंद झाल्याचं सांगतात, तुमचं काम झालं का ते सांगतच नाहीत. ऑनलाईन तक्रारीत स्टेटस "निकाली" दिसलं की आतलं उत्तर उघडून वाचायचं, नुसता हिरवा रंग बघून फोन बंद करायचा नाही (मामा, हे तुझ्यासाठी).

नस्ती म्हणजे फाईल बरं का. मला सुरुवातीला हा शब्द नष्ट झाल्यासारखा वाटायचा. टिप्पणी म्हणजे फाईलच्या आत खालून वर जाणारी नोट, कारकून लिहितो, वरचा सही करतो, त्याच्या वरचा "चर्चा करावी" लिहून परत पाठवतो. स्थळप्रत म्हणजे ऑफिसने स्वतःकडे ठेवलेली कॉपी. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा असेल तर "माझ्या अर्जाचं काय झालं" असं मोघम विचारू नका, "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावरील नस्तीतील टिप्पणीची व पत्रव्यवहाराची प्रत मिळावी" असं मागा. प्रश्नाला टाळता येतं, कागद मागितला की कागद द्यावा लागतो. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, आणि आपल्याकडे नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे पाल्हाळ नको. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग ९० दिवसांत माहिती आयोगाकडे.

आणि एक कायदा लोकांना माहीतच नसतो, २००५ चाच, नाव लांबलचक आहे, बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध वगैरे, पण बोलीत दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे कुठल्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त स्वतःकडे अडवून ठेवायची नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी स्मरणपत्रात एक ओळ या कलमाची टाकली की कागदाला जरा वजन येतं हा माझा अनुभव.

आता पदांची नावं. इथे अपर आणि अवर ही जोडी सगळ्यात खतरनाक. मंत्रालयात उतरंड साधारण अशी, कक्ष अधिकारी, त्यावर अवर सचिव, मग उप सचिव, सह सचिव, सचिव, प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव आणि सगळ्यात वर मुख्य सचिव. म्हणजे प आणि व एवढ्याच फरकात माणूस तळमजल्यावरून गच्चीवर जातो. बहुतेक जीआरवर (म्हणजे शासन निर्णयावर) सही अवर सचिव किंवा उप सचिवाची असते, ती बघून "एवढ्या मोठ्या साहेबांनी सही केली" किंवा "ही तर खालच्याची सही" असं दोन्ही वाटून घेऊ नका, कारण सहीच्या वर "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं असतं. घटनेच्या कलम १६६ प्रमाणे राज्य शासनाचा आदेश राज्यपालांच्या नावानेच निघतो, सही करणारा फक्त तो खरा असल्याचं सांगतो. जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकारी नावाचं पद असतं, त्याच्याकडे कोणाच्या निवासाचं काम नसतं, कलेक्टर ऑफिसचा रोजचा गाडा तो हाकतो. पाटीवर "उपविभागीय अधिकारी तथा उपविभागीय दंडाधिकारी" असतं पण बाहेर चहावाल्याला विचारायचं तर प्रांत ऑफिस विचारा, नाहीतर तो तुमच्याकडे बघत राहील.

गावपातळीवर तर नावं आत्ताच बदललीत. २०२४ मधे तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पत्रात नवं नाव येतं, गावात जुनंच चालतं. आणि ही दोन माणसं वेगवेगळ्या घराण्यातली आहेत हे लक्षात ठेवा. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर ही महसूलची साखळी, तिथे जमीन आणि बरेचसे दाखले. ग्रामसेवक, पंचायत समितीतला गट विकास अधिकारी म्हणजे बीडीओ, आणि जिल्हा परिषदेचे सीईओ ही दुसरी साखळी, तिथे घरपट्टी, घरकुल, जन्ममृत्यू नोंद. चुकीच्या साखळीत अर्ज दिला की काय होतं? वर्ग होतो. आणि वर्ग झाला की मामासारखं होतं.

जरा विषयांतर, पण या शब्दांचा गंमतीचा भाग असा की जे शब्द आपल्या तोंडात आहेत ते बहुतेक फारसी-अरबी वाटेने आलेत, दप्तर, महसूल, तहसील, जिल्हा, तालुका. चिटणीस, फडणीस यातला नीस म्हणजे लिहिणारा. आणि कागदावर आहेत ते संस्कृत. ही ओढाताण आजची नाही, शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी, आणि अष्टप्रधानांत मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री झाला. मंत्री आणि सचिव अजून टिकलेत, अमात्य मात्र फक्त नाटकात राहिले. पुढे १९६० मधे भाषा संचालनालय आलं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि इंग्रजीतला एकेक शब्द मराठीत आणायचं काम सुरू झालं, त्यातले काही शब्द झकास बसले, काही नुसते छापले गेले. नॉन क्रिमिलेअरला कागदावर "उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गट यात मोडत नसल्याबाबतचे प्रमाणपत्र" म्हणतात, आजपर्यंत एकाही खिडकीवर मी हे कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तेव्हा खिडकीवर बोलताना बोलीतलाच शब्द वापरा, फॉर्म शोधताना मात्र कागदावरचा शब्द माहीत हवा, दोन्ही लागतात.

जुनं नाव कायद्यात कसं चिकटून राहतं त्याचं उदाहरण मामाच्याच केसमधे मिळालं. मामलेदार हे पद महाराष्ट्रात तहसीलदार होऊन किती वर्षं झाली, आता मामलेदार म्हटलं की ठाण्याची मिसळ आठवते (गोव्यात मात्र अजून खरोखरचे मामलेदार आहेत, आणि तिथे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ व १४ असतो). पण शेतरस्ता अडवला की तहसीलदाराकडे जो दावा लावतात तो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली. आणि त्यात अट अशी की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा यायला हवा. साडेतीन महिने मामाचे चुकीच्या ऑफिसात गेले होते, अडीच उरले होते, आणि तो पेढे वाटत बसला होता. म्हणून म्हणते शब्द कळला नाही तर पैसे नाही, मुदत जाते.

मुदतीवरून नोटीस. नोटिशीत एक वाक्य हमखास असतं, "विहित मुदतीत म्हणणे सादर न केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून एकतर्फी निर्णय घेण्यात येईल". पूर्ण नोटीस कळली नाही तरी चालेल, हे वाक्य असेल तर तारीख गोल करून ठेवा आणि त्या दिवशी जा. विहित म्हणजे ठरवून दिलेलं, विहित नमुना, विहित शुल्क. सक्षम प्राधिकारी म्हणजे ज्याला तो अधिकार आहे असा अधिकारी, हुशार असा अर्थ नाही. अनुज्ञेय म्हणजे नियमात बसतं, देय म्हणजे द्यायचंय, आणि अनुज्ञेय आहे म्हणजे हातात पडलं असं नव्हे हे कुठल्याही पेन्शनरला विचारा. "च्या अधीन राहून" आणि "तथापि" दिसलं की ब्रेक मारा, वर जे दिलं ते तिथून पुढे काढून घेतात. कायद्याच्या भाषेत त्याचंच नाव परंतुक.

सातबाऱ्यावरचे शब्द हा वेगळाच ग्रंथ आहे, थोडंच सांगते. नाव गाव नमुना सात आणि बारा यावरून पडलं, सातमधे मालकी आणि हक्क, बारामधे पिकं, आठ-अ मधे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र. नावापुढे अ.पा.क. असेल तर अज्ञान पालनकर्ता, आणि इथे अज्ञान म्हणजे वयाने लहान, माझ्या चुलतभावाला त्याच्या नावापुढचं अज्ञान बघून फार राग आला होता. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पो.ख. म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारा तुकडा. भोगवटादार वर्ग १ म्हणजे साधारण निर्धास्त, वर्ग २ असेल तर विकायला परवानगी लागते, घेणाऱ्याने इथे डोळे फाडून बघावं. इतर हक्कात बोजा असेल तर कर्ज आहे. फेरफार पडला की जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, कोणी हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते, नाही घेतली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. "नोंद धरली" आणि "नोंद प्रमाणित झाली" यात फरक आहे, धरली म्हणजे फक्त वहीत लिहिली.

आता जीआर. आधी एक चीड. टीव्हीवर प्रत्येक कागदाला अध्यादेश म्हणतात. अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो. शासन निर्णय म्हणजे जीआर, तो कायदा नाही, धोरण किंवा मंजुरी. परिपत्रक म्हणजे आहे तोच नियम कसा पाळायचा याची सूचना. अधिसूचना राजपत्रात छापतात, कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघते, आणि तिचा मसुदा निघाला असेल तर ती अजून लागू नाही, हरकती मागवल्यात एवढंच. जानेवारी २०२४ मधे मराठा आरक्षणातला सगेसोयऱ्यांचा कागद निघाला तेव्हा अर्धा महाराष्ट्र अध्यादेश निघाला म्हणत होता, कागदावर अधिसूचनेचा मसुदा लिहिलेलं होतं. कुठल्याही बाजूचे असा, कागदाचं नाव तरी नीट वाचा.

व्हॉट्सअपवर आलेला जीआर खरा की खोटा बघायचा तर शेवटचा परिच्छेद बघा, तिथे १८ आकडी संकेतांक असतो, पहिले आठ आकडे वर्ष महिना तारीख. तो शासनाच्या साईटवर टाकून शोधा, सापडला नाही तर फॉरवर्ड करू नका. वर "क्रमांक: संकीर्ण-२०२३/प्र.क्र.४५/..." असं काहीतरी असतं, त्यात प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटचा तुकडा त्या विभागातल्या टेबलाचा, म्हणजे कार्यासनाचा. मंत्रालयात चौकशीला गेलात तर हा शेवटचा तुकडा सांगा, तिथे माणसं टेबलाने ओळखतात. आणि "अधिक्रमित" हा शब्द शोधा, नव्या जीआरने जुना रद्द केला असेल तर तो असतो. लोक दहा वर्षांपूर्वीचा जीआर छापून घेऊन भांडायला जातात आणि समोरचा दोन मिनिटांत नवा काढून दाखवतो.

स्वतः अर्ज लिहिताना हे सगळे जड शब्द वापरायची अजिबात गरज नाही. विषय एका ओळीत, मग काय झालं तारखेसकट, मग काय हवं ते एका वाक्यात, आणि "कृपया" एकदाच. बरेच जण "सविनय सादर करण्यात येते की" असं स्वतःबद्दल सुद्धा कर्मणीत लिहितात, कशाला, "मी" लिहा. दोन प्रती न्या, एक बारनिशीत द्या (आवक-जावकला महसूल आणि झेडपीच्या ऑफिसात अजून हा जुना शब्द चालतो, विचारलात तर लगेच खिडकी दाखवतात), दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता शिक्का आणि क्रमांक कोरा असेल तर हलू नका, "साहेब जेवायला गेलेत" म्हणतील, थांबा.

मामाने तसंच केलं. मुदत संपायला तीन आठवडे राहिलेले असताना तहसीलला दावा लावला, नोटीस निघाली, स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला आणि शेवटी आदेश आला. यावेळी फोटो पाठवून मग फोन. आदेशात होतं "अडथळा दूर करून रस्ता वहिवाटीसाठी खुला करण्यात यावा".

"खुला करण्यात यावा," मामा म्हणाला, "म्हणजे कोणी करायचा?"

"पान उलट, खाली प्रत बघ."

थोडा वेळ कागदाचा आवाज. "मंडळ अधिकारी. अंमलबजावणीस्तव."

"बसतात कधी ते?"

"सोमवारी. बाजाराच्या दिवशी." मग म्हणाला पेढे त्यानंतरच.